पिकअपकाका

पुण्यातल्या मोठ्या सोसायट्यांत हल्ली जिम असते, क्लबहाउस असतं आणि एक पिकअपकाका असतो. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, मुलगा परदेशात शिकायला गेलेला, गृहकर्ज फिटलेलं आणि हप्त्याची सवय मोडू नये म्हणून पार्किंगमध्ये हायलक्स नाहीतर व्ही-क्रॉस. पुढे पाच माणसांची केबिन, मागे उघडा हौदा. गाडीची लांबी सव्वापाच मीटरच्या वर, सोसायटीने आखलेला पट्टा पाच मीटरचा. नाक भिंतीला टेकवलं तरी शेपूट वाटेत उरतंच. त्या शेपटाला वळसा घालताना कुणी सहज "काका, टायर नवीन का?" म्हटलं, तर त्याच्या हातातलं दूध घरी पोचेपर्यंत नासतं.

कारण काका सुरुवात २००७ पासून करतात. त्या साली एका ब्रिटिश टीव्ही कार्यक्रमासाठी हायलक्स चुंबकीय उत्तर ध्रुवाच्या १९९६ सालच्या ठिकाणी नेली होती आणि आइसलँडच्या कारागिरांनी तिला बर्फासाठी अगडबंब टायर बसवले होते. काका हे असं सांगतात, जणू मागच्या सीटवर थर्मास धरून तेच बसले होते. त्यांची स्वतःची गाडी ताम्हिणीपर्यंत जाते आणि भजी खाऊन परत येते. मात्र निघते ती ध्रुवाच्या तयारीने.

कंपनीने दिलेली गाडी म्हणजे काकांच्या लेखी कच्चा माल. आधी ऑल-टेरेन टायर आले. ते मापाने मोठे, म्हणून स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू लागला, ॲव्हरेज घसरलं आणि टायर मडगार्डच्या अस्तराला घासू लागले. मग सस्पेन्शन दोन इंच उचललं. त्यामुळे वहिनींना गाडीत चढता येईना, म्हणून दोन्ही बाजूंना खाली फुटबोर्ड लावले. त्या फुटबोर्डांनी वाढलेली उंची जवळजवळ सगळी खाऊन टाकली. गाडी जमिनीपासून होती तेवढीच उरली, फरक फक्त बँकेतल्या शिलकीत पडला.

पुढची पाळी स्नॉर्केलची. इंजिनाने हवा बॉनेटपाशी न घेता छपरापाशी घ्यावी, म्हणजे खोल पाण्यातून जाताना पाणी आत ओढलं जाणार नाही, हा त्यातला हिशेब. पुढच्याच पावसाळ्यात रस्त्यावर गुडघाभर पाणी साचलं आणि सगळी सोसायटी गॅलरीत येऊन काकांची वाट पाहू लागली. काका पँट दुमडून पायी निघाले. "नुसता स्नॉर्केल असून भागत नाही," ते खालूनच ओरडले, "डिफरन्शियलच्या ब्रीदरच्या नळ्या अजून वर घ्यायच्यात! तापलेलं हाउसिंग पाण्यात गार झालं की आत पाणी ओढतं, ऑइल दुधाळ होतं!" बोलण्यात चूक काहीच नव्हती. काकांचं कधीच काही चुकत नाही, फक्त काहीतरी बाकी असतं.

कायद्याच्या बाबतीत ते काटेकोर आहेत. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना बुलबारवर कारवाई करायला सांगितलं, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर बोट ठेवून गाडीच्या मूळ रचनेतले बदल चालणार नाहीत असं बजावलं, हे त्यांना आरतीसारखं पाठ आहे. पाठ झालं ते बुलबार विकत घेतल्यानंतर. तो आता बाल्कनीत आहे आणि त्याच्यावर गोकर्णाचा वेल चढलाय. छपरावरचा लाइटबार काळ्या कव्हरात असतो. त्याची चाचणी पार्किंगमध्ये एकदाच झाली. समोरच्या विंगमधल्या आजी उजाडलं असं समजून आंघोळ करून पूजेला बसल्या, तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते.

या सगळ्या साहित्याला वजन असतं. पुढे विंच, छपरावर उघडणारा तंबू, हौद्यात खणांचं कपाट, फ्रिज, फ्रिजसाठी दुसरी बॅटरी, चिखलात चाकाखाली घालायच्या फळ्या. गाडीने किती भार घ्यायचा हे कंपनीने ठरवून दिलेलं असतं. त्यातून एवढं वजा केलं आणि वर पाच माणसं बसवली, की माणसांनी डबे घरीच ठेवलेले बरे. शेजारच्या गल्लीतली बोलेरो पिकअप मॉडेलप्रमाणे १.३ ते २ टन माल कागदोपत्री नेते. कागदाबाहेर किती नेते हे मार्केट यार्डात कुणी कुणाला विचारत नाही.

आता, पिकअपला मागे पाटे असतात आणि पाटे हे वजनासाठी जन्मलेले असतात. हौदा मोकळा असला की गाडी प्रत्येक गतिरोधकावर मागून उडते. खणांचं कपाट, फ्रिज वगैरे काका मोहिमेपुरतंच चढवतात, त्यामुळे एरवी हौदा मोकळाच. वहिनींची मान आखडली, तेव्हा गाडी मऊ चालावी म्हणून काकांनी हौद्यात वाळूची पोती टाकली. कपाटच का नाही, ते विचारायचं नाही. कपाटाला ओरखडे पडले असते.

एकदा सिग्नलला शेजारी कांद्याने भरलेली बोलेरो येऊन थांबली. ड्रायव्हरने वाकून हौद्यात पाहिलं.

"सायेब, वाळू कुठं टाकायची?"

"टाकायची नाहीये."

"मग?"

"वजनासाठी आहे. नाहीतर मागून उडते."

ड्रायव्हरने क्षणभर विचार केला. "आमची कांद्यानं बसती," तो म्हणाला आणि सिग्नल सुटला.

देखभालीत मात्र काकांचा हात धरणारा कुणी नाही. डिझेल फिल्टरमध्ये साचलेलं पाणी ते स्वतः सोडतात. प्रोपेलर शाफ्टच्या निपलमध्ये ग्रीस भरायला गाडीखाली शिरतात, आणि मग वॉचमन येणाऱ्याजाणाऱ्याला "काका आहेत" म्हणून त्यांचे पाय दाखवतो. पण काकांच्या संसारात खरी क्रांती केली ती बीएस-६ने. नव्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते. गाडी गावातल्या गावात रखडत चालली की ती जाळी तुंबते, डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि मग गाडी मोकळ्या रस्त्यावर एका वेगाने वीसेक मिनिटं पळवली की काजळी आतल्या आत जळून जाते. बायकोला सांगायला इतकं शास्त्रशुद्ध कारण याआधी कुठल्याच नवऱ्याला मिळालं नव्हतं. रविवारी सकाळी फोन केला की वहिनी शांतपणे सांगतात, "घरी नाहीत. काजळी जाळायला गेलेत." काजळी नेमकी लोणावळ्याच्या अलीकडे जळून संपते आणि चिक्की घेऊन परत येते.

विंच वापरायची संधी एकदाच आली. कोकणात, ओहोटीच्या पुळणीवर, टायरची हवा कमी न करता काकांनी गाडी घातली आणि ती ॲक्सलपर्यंत बसली. विंचला ओढण्यासाठी समोर काहीतरी पक्कं लागतं. दोर पंचवीसेक मीटरचा, सुरूची झाडं शंभर पावलांवर आणि मधे नुसती वाळू. शेवटी गावातला ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवाल्याने दोर मागितला तेव्हा काकांनी चार प्रकारचे दोर काढून दाखवले आणि प्रत्येकाची ताणशक्ती सांगितली. भरती यायला लागल्यावर ट्रॅक्टरवाल्याने स्वतःचाच दोर बांधला.

एवढी मोठी गाडी असूनही काका कुणाचं सामान नेत नाहीत, हे सोसायटीचं जुनं दुःख. घर बदलणाऱ्या प्रत्येकाने गोदरेजच्या कपाटासाठी हौद्याकडे आशेने पाहिलं आणि प्रत्येकाला एकच उत्तर मिळालं, "लायनरला चरे पडतात हो." अपवाद गणपतीचा. देवाला नाही कोण म्हणणार? विसर्जनाला मूर्ती हौद्यात बसली, स्नॉर्केलला झेंडूची माळ लागली, पोरं फुटबोर्डांवर लटकली आणि त्यांचा पहिल्यांदा काही उपयोग झाला. ढोलामागून मुंगीच्या चालीने तीन तास गेल्यावर डॅशबोर्डवर काजळीचा दिवा लागला, तोही भगवा.

दुसऱ्या दिवशी काका हौद्यातला गुलाल धूत होते, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचे नाना खाली आले. त्यांना मुलीकडे एक वस्तू पोचवायची होती.

"नाना, कपाट नको. कालची गोष्ट वेगळी, ते देवाचं काम होतं."

"हेही देवाचंच," नाना म्हणाले. "देवघर आहे. सागवानी."

काकांचा नाइलाज झाला. वाळूची पोती उतरली, देवघर चढलं आणि त्याच्या सोबतीला नानांनी धूर्तपणे एक दिवाण, एक पाटा-वरवंटा आणि पुस्तकांची सात खोकी चढवली. काकांनी कधीपासून आणून ठेवलेले रॅचेटचे पट्टे पहिल्यांदा पाकिटातून काढले. कोथरूडहून वारज्याला जायला वीस मिनिटं लागली, बांधायला दोन तास. आणि कर्वे पुतळ्यापाशी पहिला गतिरोधक आला. गाडी उडाली नाही. नुसती किंचित वाकली, झुलली आणि पुढे गेली. काकांनी नानांकडे पाहिलं. "पाटे बसले," ते हळूच म्हणाले.

त्या दिवसापासून सोसायटीला चैन नाही. वाळू मुलांच्या घसरगुंडीखाली गेली आणि काका रविवारी दारोदार विचारत फिरतात, "काही न्यायचंय का? जड असेल तर बरं." दुसऱ्या मजल्यावरचा सोफा त्यांनी मालकाच्या भावाकडे नेला, तिथे दारातून आत जाईना म्हणून परत आणला आणि दोन्ही वेळा ते सारखेच खूश होते. लोकांकडचं न्यायचं सामान आता संपत आलंय. परवा पाचव्या मजल्यावर एक नवं कुटुंब भाड्याने राहायला आलं. त्यांचा ट्रक अजून उतरत होता, तोवर काका पेढे घेऊन पुढे झाले, सगळ्यांची चौकशी केली आणि जाता जाता म्हणाले, "करार अकरा महिन्यांचाच ना? मग जाताना पॅकर्सना बोलवू नका. मी आहे."