यंत्राचं काम, तुमची सही

‘एआय वापरा आणि झोपेत पैसे कमवा’ असं सांगणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: तुमची स्वतःची कमाई त्या धंद्यातून होते, की तो धंदा शिकवण्यातून? उत्तरादाखल 999 रुपयांच्या वर्गाची लिंक आली, तर समजून जा. त्या धंद्यातलं गिऱ्हाईक तुम्हीच आहात.

राग येतो, कारण गरज खरी आहे. कंत्राटी नोकरी, घराचा हप्ता, मुलांच्या शिकवण्या, आईवडिलांची औषधं. पगार वीस तारखेला संपतो आणि मोबाइलवर ही जाहिरात फिरत राहते. अडलेल्या माणसाला असली स्वप्नं विकणं मला पाप वाटतं.

आता हिशेब मांडू. जी वस्तू तुम्ही दहा मिनिटांत यंत्राकडून बनवून घेता, ती शेजारीही दहा मिनिटांतच बनवून घेतो. सगळ्यांना बनवता येणाऱ्या वस्तूला भाव राहत नाही.

चॅटजीपीटी 30 नोव्हेंबर 2022 रोजी आलं. तीन महिने व्हायच्या आत, फेब्रुवारी 2023 मध्ये, ‘क्लार्क्सवर्ल्ड’ या अमेरिकी विज्ञानकथा मासिकाला कथा स्वीकारणं काही काळ बंद करावं लागलं. यंत्राकडून लिहून घेतलेल्या कथांचा लोंढा आला होता. संपादक नील क्लार्क यांनी कारणही सांगितलं: सोप्या कमाईचे धडे देणाऱ्यांनी अशा कथा आणणारी माणसं मासिकाच्या दारात पाठवली होती. सप्टेंबर 2023 मध्ये अॅमेझॉनला आपल्या स्वयंप्रकाशन सेवेवर दिवसाला तीनच नवी पुस्तकं, अशी मर्यादा घालावी लागली. जुलै 2025 मध्ये यूट्यूबनं नियमांचे शब्द बदलून स्पष्ट केलं, की घाऊक बनवलेल्या, त्याच त्या साच्यातल्या व्हिडिओंना जाहिरातीचा पैसा मिळणार नाही.

तिन्ही ठिकाणी घडलं ते एकच. आधी ढीग साचला, मग दार अरुंद झालं. दुसऱ्याच्या मंचावर घाऊक माल ओतून उभी केलेली कमाई त्या मंचाच्या एका नव्या नियमानं जाते. ती टिकाऊ कशी म्हणायची?

अडचण आणखी एक आहे. अमेरिकेतल्या अपील न्यायालयानं मार्च 2025 मध्ये यंत्रनिर्मित चित्राविषयीच्या थेलर खटल्यात सांगितलं, की कॉपीराइटसाठी लेखक माणूसच असावा लागतो. म्हणजे निव्वळ यंत्रानं काढलेलं तुमचं चित्र उद्या कुणी तिथे उचललं, तर अडवायला तुमच्या हातात फारसं काही नाही.

मग ही साधनं कुचकामी आहेत का? मुळीच नाही. एमआयटीच्या शाकेद नॉय आणि व्हिटनी झांग यांनी 2023 मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चॅटजीपीटी वापरणाऱ्यांचा लेखनकामाला लागणारा वेळ 40 टक्क्यांनी घटला आणि दर्जा 18 टक्क्यांनी वाढला. ही मोठी शक्ती आहे आणि ती शिकायलाच हवी.

पण त्याच वर्षी बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपच्या 758 सल्लागारांवर झालेला प्रयोगही वाचा. यंत्राच्या आवाक्यातल्या कामांत ते वापरणारे सुमारे 25 टक्के वेगवान ठरले. आवाक्याबाहेरचं काम दिलं, तेव्हा यंत्र वापरणाऱ्यांची उत्तरं बरोबर येण्याचं प्रमाण न वापरणाऱ्यांपेक्षा 19 टक्के अंकांनी खाली गेलं. आवाका कुठे संपतो, हे यंत्र सांगत नाही. ते बरोबर आणि चूक सारख्याच ठामपणे लिहितं.

जोडउत्पन्नाची जागा नेमकी इथे आहे. वेग आता स्वस्त झाला. चूक ओळखणारी नजर महागच राहणार. आणि ती नजर तुमच्याकडे फक्त त्याच कामात आहे, जे तुम्ही वर्षानुवर्षं केलंय.

एक उदाहरण घ्या. महाराष्ट्रात सहकारी गृहनिर्माण संस्था लाखाच्या वर आहेत. 30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा, तिच्याआधी 14 पूर्ण दिवसांची नोटीस, नंतर इतिवृत्त आणि वर्षभर कमिटीच्या बैठका. सचिव बहुधा बिनपगारी असतो आणि नोकरी सांभाळून हे करतो. रेकॉर्डिंगवरून कच्चा मसुदा यंत्र झटकन करून देतं. पण सूचक कोण, अनुमोदक कोण, ठराव एकमतानं झाला की बहुमतानं, विरोध कुणी नोंदवायला सांगितला, यांत ते भलत्याचं नाव भलत्याला लावू शकतं. सोसायटीत अशा एका चुकीवरून उपनिबंधकांपर्यंत तक्रार जाते. सहकाराचं कामकाज जवळून पाहिलेला माणूस असे मसुदे तपासून, दुरुस्त करून आठ-दहा सोसायट्यांचं काम नीट सांभाळू शकतो. ही गिऱ्हाइकं दर महिन्याला, दर वर्षी परत येतात. टिकाऊ कमाई म्हणतात ती हीच.

दुसरं काम डीटीपीवाल्यांच्या हातातलं. लहान प्रकाशक आणि मंडळं यांच्याकडे जुन्या फॉन्टमधली मराठी पुस्तकं, स्मरणिका, अहवाल पडून आहेत. ते युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं फुटतात, रफार सरकतो, ‘ऱ्या’चा भलताच आकार होतो. यंत्र पहिला हात फिरवेल, पण पानागणिक मुळाशी ताडून पाहणारा मुद्रितशोधक लागतोच. भाषांतराचंही तेच. एकाच परिच्छेदात वाचकाला ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ म्हणणारं माहितीपत्रक कुठल्याही दवाखान्याला परवडणार नाही. मराठीची जाण इथे थेट पैशात मोजली जाते.

दर ठरवताना ताठ राहा. तासावर पैसे घेतलेत, तर यंत्रानं वाचवलेला वेळ तुमचीच कमाई खाईल. कामावर पैसे घ्या: एक इतिवृत्त इतके, एक पान इतके. खर्चही आवरा. अनेक साधनांची वर्गणी महिना 20 डॉलरच्या घरात असते. अशा चार वर्गण्या भरल्या तर पहिल्या गिऱ्हाइकाआधीच खिसा रिकामा. फुकट आवृत्तीवर सुरुवात करा. कमाई दिसू लागली, की त्यातून एकच वर्गणी भरा.

काही पथ्यं मात्र पाळायलाच हवीत. गिऱ्हाइकाचा आधार क्रमांक, आजाराची कागदपत्रं, बँकेचे तपशील कुठल्याही यंत्रात टाकू नका. तो विश्वास दुसऱ्यांदा मिळत नाही. सरकारी नोकरीत असाल, तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 आधी वाचा आणि परवानगीचं पाहा. खासगी नोकरीत नेमणूकपत्र वाचा. मिळकत प्राप्तिकर विवरणपत्रात दाखवा. सेवांची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल, तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. पण म्हणून बिल देणं टाळू नका. आणि ‘काम देतो, आधी पैसे भरा’ असं कुणी म्हटलं, तर ते काम नाही, फसवणूक आहे. पैसे गेलेच, तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

तपासण्याचा कंटाळा मोठमोठ्यांनाही महागात पडतो. डेलॉइट या सल्लागार कंपनीनं यंत्राची मदत घेऊन ऑस्ट्रेलिया सरकारला दिलेल्या अहवालात अस्तित्वातच नसलेले संदर्भ आणि न्यायालयाच्या निकालातलं बनावट अवतरण निघालं. ऑक्टोबर 2025 मध्ये कंपनीला शुल्काचा काही भाग परत करण्याचं मान्य करावं लागलं. एवढा पसारा असलेल्या कंपनीवर ही वेळ येते, तर एकट्यानं काम करणाऱ्याची पत एका चुकीच्या पानावर संपते.

तर या आठवड्यात ओळखीच्या तिघांना विचारा, कुठलं कागदी काम तुम्ही सारखं पुढे ढकलता? त्यातलं जे तुम्हाला खरोखर कळतं, तेवढंच घ्या. मसुदा यंत्राकडून करून घ्या, ओळ न् ओळ स्वतः वाचा, चुका काढा आणि खाली आपलं नाव घाला. नाव घालायला हात कचरला, तर ते काम अजून विकण्याजोगं झालेलं नाही. पुन्हा वाचायला बसा.