स. न. वि. वि. (अटी लागू)

प्रति,
मा. प्रमुख, ग्राहक-आनंद विभाग,
एक जहाज कंपनी, मुंबई.
(नाव मुद्दामच लिहिलेले नाही. ज्याचे त्याला कळेल.)

विषय : रद्द झालेल्या सफरीच्या मोबदल्यात मिळालेल्या व्हाउचरबद्दल आभार.

महोदय,

स. न. वि. वि.

मुंबई-लक्षद्वीप सफर 'तांत्रिक कारणास्तव' रद्द झाल्याचा आपला मेल मिळाला. सुरुवातीला खेद होता, शेवटी अभिनंदन होते. मधल्या भागात आमचे पैसे असावेत, पण चष्मा पुसून पुन्हा वाचले तरी सापडले नाहीत. मग उलगडा झाला, की पैसे परत द्यायची जुनाट पद्धत आपण सोडून दिली आहे आणि त्याऐवजी तेवढ्याच रकमेचे 'फ्युचर क्रूझ क्रेडिट' नावाचे व्हाउचर आमच्या नावे काढले आहे. आमच्याच पैशांतून आम्हाला एवढी मोठी भेट दिलीत. असे औदार्य चारचौघांना कळावे, म्हणून पाकीट न चिकटवता हे पत्र धाडतो आहे.

आमची थोडी ओळख. आम्ही राधानगरीचे. समुद्र बघायचा तर दाजीपूरचे जंगल ओलांडून फोंडा घाट उतरावा लागतो. एरवी पर्यटक आमच्याकडे येतात, कुणी गवे बघायला, कुणी पावसाच्या तोंडावर काजवे बघायला. या वेळी आपणच पर्यटक व्हावे, अशी टूम आमच्या घरातून निघाली. पोरांनी पैसे भरले. एस.टी. स्टँडपासून बाजारपेठेपर्यंत कुणी 'काय म्हणताय काकी?' विचारले, की उत्तर जायचे, 'जहाजातनं निघालोय.' आता लोक विचारत नाहीत. नुसते हसतात.

वाट बघायला आमची ना नाही. ज्या धरणाच्या काठी आम्ही राहतो, त्याचे काम राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतले. मध्ये ते रखडले आणि पुरे झाले ते स्वातंत्र्यानंतर. पण 'बारा महिन्यांत पाणी न उचलल्यास आपला हक्क संपुष्टात येईल' अशी पाटी त्या धरणावर कुणी लावली नाही. आपल्या व्हाउचरवर ती आहे, अट क्रमांक एक म्हणून.

बाकीच्या अटीही वाचल्या. वाङ्‌मय म्हणून त्या उच्च प्रतीच्या आहेत. व्हाउचर दुसऱ्याला देता येणार नाही. त्याचे रोख मूल्य शून्य. ते एकदाच वापरता येईल. रक्कम उरली तर ती आपली, कमी पडली तर ती आमची. ते फक्त मूळ भाड्याला लागू. बंदर शुल्क, कर आणि सेवकांची बक्षिशी रोखीने वेगळी. दिवाळी, नाताळ आणि जोडून आलेल्या सुट्ट्या वगळून. म्हणजे माणसाला ज्या दिवशी कुटुंबासह जाता येते, ते दिवस वगळून बाकी सगळे वर्ष मोकळे आहे.

भाड्याचेही असेच. ज्या खोलीचे पैसे आम्ही भरले होते, ती खोली आता महाग झाली आहे, कारण दर मागणीप्रमाणे बदलतात. खोली तीच, खिडकी तीच, खिडकीबाहेरचे पाणीही बहुधा तेच. फरक भरा, म्हणता. सफर रद्द केली आपण, भाव वाढवला आपण आणि फरक भरायचा आम्ही. या हिशेबाला आमच्याकडे चांगला कोल्हापुरी शब्द आहे. पत्र खुले असल्याने लिहीत नाही.

नव्या तारखांबद्दल तर विशेष आभार. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्याचा समुद्र खवळलेला असतो, म्हणून आपल्या सफरी पाऊस सरल्यावर जोर धरतात. नेमका तेव्हाच आमच्याकडे उसाचा हंगाम सुरू होतो. दिवाळीच्या आगेमागे कारखान्याचा भोंगा वाजला, की शेतकरी गाव सोडत नाही. तोडणीची पाळी कधी येईल याचा नेम नसतो. टोळीच्या मुकादमाला फोन लावायचा, गाडीवानाची 'एन्ट्री', म्हणजे वरचे पैसे, खिशात तयार ठेवायची, आणि तोड आली की बांधावर हजर राहायचे. अशा वेळी माणूस लक्षद्वीपला असला, तर ऊस राधानगरीत वाळतो. आपल्या प्रतिनिधी ताईंना हे समजावून सांगितले. त्या गोड आवाजात म्हणाल्या, 'सर, तुमचा फीडबॅक आम्ही नोंदवून घेतला आहे.' आमचा ऊसही कुणी तरी असाच नोंदवून घेऊन जाईल, तर बरे.

ऊस निघालाच आहे, तर दोन गोष्टी सांगतो. आम्ही माल आधी देतो आणि पैसे नंतर घेतो, त्यामुळे दुसऱ्याच्या ताब्यात गेलेल्या पैशाचे शास्त्र आम्हाला तोंडपाठ आहे. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून 14 दिवसांत कारखान्याला एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेली उसाची किमान किंमत, द्यावी लागते. उशीर झाला, तर वर्षाला 15 टक्के व्याज. तरीही थकवली, तर साखर आयुक्त वसुलीचा दाखला काढतात आणि जिल्हाधिकारी जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी ती रक्कम वसूल करतात. प्रत्यक्षात हे सगळे सरळ चालते, असे म्हणालो तर गावात मला कुणी चहा पाजणार नाही. त्यासाठी ऊस परिषदा भरवाव्या लागतात, रस्ते अडवावे लागतात. फेब्रुवारी 2022 मध्ये राज्य सरकारने एफआरपीचे दोन हप्ते पाडले, तेव्हा शेतकरी नेते राजू शेट्टी उच्च न्यायालयात गेले आणि मार्च 2025 मध्ये न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. म्हणजे स्वतःचे पैसे दोन हप्त्यांत घ्यायलाही नकार देणारा हा मुलूख आहे. त्याला आपण व्हाउचर दिलेत. आपल्या धाडसाला सलाम.

समजा, उद्या एखाद्या कारखान्याने आपली पद्धत उचलली. 'प्रिय ऊस उत्पादक, तांत्रिक कारणास्तव या वर्षीचे बिल रद्द करण्यात आले आहे. त्याऐवजी आपल्या नावे भावी साखर क्रेडिट काढले आहे. ते सणासुदीला चालणार नाही. पोत्याचे आणि हमालीचे पैसे वेगळे. साखरेचा भाव वाढल्यास फरक आपण भरावा.' असे पत्र सकाळी निघाले, तर संध्याकाळपर्यंत वजनकाट्यावर काय होईल, हे सांगायला ज्योतिषी लागणार नाही. आपल्या कार्यालयाबाहेर मात्र शांतता आहे, कारण आपले ग्राहक विखुरलेले आहेत. एक नागपूरचा, एक नाशिकचा, एक राधानगरीचा, आणि तिघेही वेगवेगळ्या वेळी एकाच सनईवादनावर होल्डवर.

व्हाउचर म्हणजे काय, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वी ओळखले आहे. टाळेबंदीत विमाने रद्द झाली आणि विमान कंपन्यांनी पैशांऐवजी 'क्रेडिट शेल' पुढे केले. 1 ऑक्टोबर 2020 च्या निकालात न्यायालयाने अडचणीतल्या कंपन्यांना ती सवलत दिली, पण तिला चार खुंट्या मारल्या. प्रवाशाला ते कोणत्याही मार्गावर वापरता यावे. दुसऱ्याच्या नावे करता यावे. 30 जून 2020 पर्यंत दरमहा अर्धा टक्का आणि त्यानंतर दरमहा पाऊण टक्का या दराने त्याची किंमत वाढावी. आणि 31 मार्च 2021 पर्यंत वापरले नाही, तर रोख रक्कम परत मिळावी. महिना पाऊण टक्का म्हणजे वर्षाला नऊ टक्के. आपल्या पतसंस्थेच्या ठेवपावतीसारखेच हे, असे आमच्या शेजारच्या मास्तरांनी लगेच ओळखले. तो निकाल विमानाच्या तिकिटांपुरता होता. जहाजाचे नाव त्यात नाही, हे आपल्या वकिलांनी सांगण्याआधी मीच मान्य करतो. पण त्यामागचे शहाणपण हवेत उडते म्हणून पाण्यावर चालत नाही, असे थोडेच आहे? दुसऱ्याचे पैसे ठेवून घेतलेत, तर ते कर्ज आहे. कर्जाला व्याज असते, आणि मुदत संपली की परतफेड असते. मुदत संपली की कर्ज देणाऱ्याचा हक्क बुडतो, ही सोय फक्त आपल्या धंद्यात पाहिली.

जगातही असे नाही. 2020 मध्ये जहाजे जागोजाग थांबली, तेव्हा बड्या क्रूझ कंपन्यांनी भरलेल्या रकमेच्या 125 टक्क्यांची क्रेडिट देऊ केली. नको असेल त्याला रोख परतावाही होता. शंभराचे सव्वाशे देतो, पण थोडे थांबा, ही भाषा कोल्हापूरच्या व्यापाऱ्यालाही कळते. शंभराचे शंभर देतो, तेही अटी लागू, ही नाही कळत. युरोपात आयोजकाने सहल रद्द केली, तर 2015 च्या नियमानुसार 14 दिवसांत पैसे परत द्यावे लागतात. टाळेबंदीतही, मे 2020 मध्ये, युरोपीय आयोगाने बजावले, की व्हाउचर घ्यायचे की नाही हे प्रवाशाने ठरवायचे, आणि कंपनी बुडाली तरी त्याला संरक्षण हवे. चौदाच दिवस बघा. ब्रुसेल्स आणि भोगावतीचे खोरे यांचे एकमत झालेला हा बहुधा एकमेव आकडा.

आता मूळ मुद्दा. आपले संकेतस्थळ व्हाउचरचा कोड घेत नाही, एजंट कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी एजंटकडे, आणि मेलला आलेल्या उत्तरात आमचे नावही चुकलेले असते. याला लोक ढिसाळपणा म्हणतात. मी तसे म्हणणार नाही. आपल्या हुशारीवर तो अन्याय होईल. हिशेबाच्या शास्त्रात ग्राहकाने न वापरलेल्या हक्काची रक्कम उत्पन्नात धरायची रीतसर तरतूद आहे. इंड-एएस 115 हे लेखामानक तिचे ठिकाण. तरतुदीत गैर काही नाही. गैर आहे ते माणसाने दमून नाद सोडावा अशी मांडणी करणे. जितकी व्हाउचर वाया जातील, तितकी आपली कमाई. म्हणजे आम्ही होल्डवर ऐकलेली सनई हा आपला खर्च नव्हे. ते आपले पीक आहे, आणि त्याची तोडणी आम्ही फुकट करतो आहोत.

पिकाला पाऊस लागतो आणि कधी गारपीटही होते. एप्रिल 2019 मध्ये मुंबईहून जलेश क्रूझेसचे 'कर्णिका' जहाज मोठ्या थाटात निघाले. ऑक्टोबर 2020 मध्ये कंपनी बंद झाली, आणि जहाज अलंगच्या किनाऱ्यावर तोडायला गेले. असा प्रसंग कुणावरही यावा, असे मी म्हणणार नाही. पण आला, तर 2017 च्या नौवहन दावे कायद्यात रांग ठरलेली आहे. आधी खलाशांचे पगार, मग जीवितहानीची भरपाई, मग जहाज वाचवणाऱ्यांचा मेहनताना, मग बंदराची देणी. त्यानंतर जहाज गहाण ठेवून घेतलेल्या बँका. उरलेले दावे सर्वांत शेवटी. व्हाउचरधारक त्या शेवटच्या गर्दीत उभा राहतो, हातात कोड असलेला मोबाइल घेऊन. तेव्हा 'आपले व्हाउचर सुरक्षित आहे' हे आपल्या मेलमधले वाक्य खरे आहे. व्हाउचर सुरक्षितच असते. पैशांचे काय, ते विचारायचे असते.

आपल्या अटींत शेवटून दुसरी ओळ अशी, की वाद झाल्यास तो फक्त मुंबईच्या न्यायालयात चालेल. मुंबईला खेटे घालावे लागू नयेत म्हणून कोल्हापूरने उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी काही दशके आंदोलन केले, आणि ऑगस्ट 2025 मध्ये सर्किट बेंच मिळवले. त्या कोल्हापूरला आपण पुन्हा मुंबईचे तिकीट काढायला सांगता. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 चे कलम 34 सांगते, की ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. म्हणजे आपले व्हाउचर मेल्यावरही आमची तक्रार जिवंत राहते. आणि सेवेत खोट निघाली, तर बिलात ठरलेल्या मुदतीत, ती ठरली नसेल तर तीस दिवसांत, पैसे परत न करणे याला त्याच कायद्यात 'अनुचित व्यापारी प्रथा' म्हटले आहे. तरीही भांडण हा आमचा पिंड नाही, असे लिहायची रीत आहे म्हणून लिहितो.

तेव्हा एक प्रस्ताव. आपल्याच अटींवर आम्ही आपल्याला 'भावी गूळ क्रेडिट' देऊ इच्छितो. बदल्यात आमची सगळी रक्कम आजच परत करावी. क्रेडिटवर आपल्या साऱ्या कार्यालयाला राधानगरीत गूळ मिळेल. गुऱ्हाळ पेटलेले असेल ते दिवस वगळून. ढेपेचा भाव वाढला, तर फरक आपण भरायचा. ते आपल्या मुख्य कार्यालयाला वापरता येणार नाही, शाखा कार्यालयाला देता येणार नाही, आणि चौकशीसाठी आमचा फोन सदैव खुला आहे. फक्त तो गोठ्यात ठेवलेला असतो.

प्रस्ताव मान्य नसेल, तर साधा मार्ग आहे. ज्या खात्यातून पैसे गेले, त्याच खात्यात ते पाठवावेत. हे पत्र स्पीड पोस्टाने येत आहे. ते पोहोचल्यापासून 14 दिवस मोजतो. पंधराव्या दिवसापासून उसाच्या दराने, म्हणजे 15 टक्क्यांनी व्याज मागणार, आणि 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन करून कोल्हापूरच्या जिल्हा आयोगात अर्ज टाकणार. तिथे होल्डवर सनई वाजत नाही; तारीख मिळते, आणि तारखांची आम्हाला सवय आहे.

कळावे, लोभ असावा. लोभ आपल्याकडे पुरेसा आहेच. तो थोडा आमच्याविषयीही असावा.

आपला,
एक व्हाउचरधारक,
राधानगरी, जि. कोल्हापूर.

ता. क. : या पत्राचे उत्तर कूपन, पॉइंट किंवा 'पुढील सफरीवर दहा टक्के सूट' या स्वरूपात स्वीकारले जाणार नाही.