मामा, जरा सांभाळून!

मार्च महिना लागला की आमच्या महाविद्यालयाला आपल्या माणसांच्या जिवाची एकाएकी काळजी वाटू लागते. ४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन. १९६६ साली याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली आणि १९७२ पासून हा दिवस पाळला जाऊ लागला. पुढे दिवसाचा सप्ताह झाला. आमच्याकडे तो अगदी काटेकोर पाळतात. ४ तारखेला सकाळी सुरक्षा सुरू होते आणि १० तारखेला संध्याकाळी कार्यालयाला कुलूप लागताना संपते. उरलेले एक्कावन्न आठवडे सुरक्षा अर्जित रजेवर असते.

यंदा उद्घाटनाला शपथ होती. उजवा हात पुढे करून, स्वतःच्या आणि सहकाऱ्यांच्या सुरक्षिततेला वाहून घेतल्याचं सगळ्यांनी एका सुरात सांगायचं होतं. भूगोलाच्या सरांचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावरची फुटकी पायरी त्यांना नडली होती. त्यांनी बिचाऱ्यांनी डावा हात पुढे केला. प्राचार्यांनी खुणेनंच त्यांना मागच्या रांगेत पाठवलं. फोटोत प्लास्टर बरं दिसत नाही.

मग ‘सुरक्षा सर्वप्रथम’ हा फलक पोर्चच्या कमानीवर लावायचा होता. महाविद्यालयाची शिडी जिमखान्यानं स्नेहसंमेलनाला नेली, ती परत आल्याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही. तेव्हा शिपाई मामांनी टेबल आणलं, टेबलावर बाक चढवला आणि बाकावर स्टूल. स्टुलाचा एक पाय आखूड. त्याखाली मागच्या सत्राच्या उरलेल्या प्रश्नपत्रिकेची चौपदरी घडी. एनएसएसची दोन पोरं टेबल धरून उभी. त्यातला एकजण एका हातानं टेबल धरून दुसऱ्या हातानं रील बघत होता. मामा एकोणसाठीचे. चपला काढल्या, सुतळी दातात धरली आणि वर चढले. खालून प्राचार्य जिव्हाळ्यानं म्हणाले, “मामा, जरा सांभाळून हं!”

आमच्या परिसराची सगळी सुरक्षा यंत्रणा एवढीच आहे. तिला वीज लागत नाही, देखभाल लागत नाही, निविदा काढावी लागत नाही.

फलकाचं एक टोक बांधून होताच फोटो निघाला. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकपुढे ठेवायचा पुरावा जिओटॅगवाला लागतो, म्हणून मोबाइलवर त्याचं अ‍ॅप आहे. फोटोत फलक आला, प्राचार्य आले, अक्षांश आले, रेखांश आले. दुसरं टोक बांधायला मामा अजून वरच होते, पण स्टुलासकट त्यांना कापलं.

सुरक्षा समिती आमच्याकडे अर्थातच आहे. जिची समिती नाही अशी गोष्टच आमच्याकडे नाही. अध्यक्ष प्राचार्य, सदस्य उपप्राचार्य, आयक्यूएसी म्हणजे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे समन्वयक, कुलसचिव आणि निमंत्रक मी. मी मराठीचा. अहवालात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होणार नाहीत, ही माझी पात्रता. अ‍ॅसिडच्या बाटल्या उचलणारा प्रयोगशाळा परिचर, संडास धुणाऱ्या मावशी, टाकी साफ करणारा पोरगा, रात्रपाळीचा वॉचमन यांपैकी समितीत कोणी नाही. त्यांना कामं असतात. बैठकीत चहा मात्र मामांनीच आणला, म्हणून ‘चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांचा सक्रिय सहभाग’ असं इतिवृत्तात लिहिता आलं.

ठराव क्रमांक एक: परिसराची पाहणी करावी. केली.

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत फ्यूम हूड आहे. विषारी वाफा ओढून बाहेर टाकायच्या, हे त्याचं काम. त्याच्या पंख्यात पारव्यांनी संसार थाटला आहे आणि आत जुन्या जर्नलांचे गठ्ठे. काच खाली ओढून कुलूप लावलेलं, कारण जर्नलं महत्त्वाची. वाफा मग कुठे जातात, असं विचारलं, तर परिचरानं नाकाकडे बोट दाखवलं. पहिलं प्रात्यक्षिक सुरू होण्याआधी तो मोठ्या बाटलीतलं तीव्र सल्फ्युरिक आम्ल छोट्या बाटल्यांत भरतो आणि लागेल तसं पातळ करतो. आम्ल पाण्यात घालावं, पाणी आम्लात घालू नये, हे आम्ही अकरावीच्या पोरांना पहिल्याच तासाला शिकवतो. परिचराला कोणी शिकवलं नाही. तो मनगटावरच्या डागावरून शिकला. हातमोजे आहेत, पण ते कपाटात. पाकीट फोडलं तर नॅकच्या भेटीला नवीन कसे दिसतील?

प्राणिशास्त्रात बरण्यांतले बेडूक आणि साप फॉर्मेलिनमध्ये शांत पहुडले आहेत. फॉर्मेलिन म्हणजे पाण्यात विरघळवलेलं फॉर्मल्डिहाइड. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्येच ते माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. बरण्यांतली पातळी उतरली की परिचर नाकाला रुमाल बांधून ती भरतो, आणि डोळ्यांतून पाणी आलं की सर म्हणतात, “जरा सांभाळून.” साप सुरक्षित आहे. त्याची बरणी बंद असते.

संगणक कक्षात एका एक्स्टेंशन बोर्डात दुसरा बोर्ड आणि दुसऱ्यात तिसरा. प्लग मोडला, म्हणून वायरची उघडी टोकं सॉकेटात घालून काडेपेटीच्या काड्यांनी दाबून बसवली आहेत. ३० मिलिअँपिअरची गळती झाली की वीज तोडणारं आरसीसीबी नावाचं उपकरण बाजारात मिळतं. आमच्याकडे ते काम भौतिकशास्त्राचा परिचर करतो. त्याला झटका बसला की गळती आहे हे कळतं.

संडासात मावशी फरशीवर आधी ब्लीचिंग पावडर टाकतात आणि डाग निघाला नाही की वरून अ‍ॅसिड ओततात. या दोन्हींतून क्लोरिन वायू निघतो, हे पलीकडच्याच इमारतीत बीएस्सीच्या फळ्यावर समीकरणासकट लिहिलेलं असतं. फळा आणि संडास यांच्यात आजवर ज्ञानाची देवाणघेवाण झालेली नाही. मावशींच्या खोकल्याचं कारण समितीनं शोधून काढलं: हवामानातला बदल.

रक्त आलं नाही तर आमच्याकडे ती इजा धरत नाहीत. तासिका तत्त्वावरचे तरुण सर सव्वाशे मुलांच्या वर्गात पंख्यांच्या घरघरीवर आवाज चढवून दिवसभर शिकवतात. संध्याकाळपर्यंत घसा बसतो आणि तास बुडाला तर पैसे बुडतात, म्हणून बसलेल्या घशानंच दुसऱ्या दिवशी उभे राहतात. माइक आहे, पण तो पाहुण्यांसाठी.

ठराव क्रमांक दोन: अग्निशमनाची रंगीत तालीम घ्यावी. सूचना फळ्यावर लागली, ‘उद्या सकाळी ११.३० वाजता आग लागेल. सर्वांनी वेळेवर उपस्थित राहावे.’ महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतली यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं ‘ब’ नमुन्यातलं प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. आमचं प्रमाणपत्र चालू स्थितीत आहे. नळकांड्याची पिन तेवढी गंजून बसली होती. मामांनी ती पकडीनं उपटली, पांढरी पावडर प्राचार्यांच्या सफारीवर उडाली आणि आग तोवर आपण होऊन विझली. संकटकाळी बाहेर पडायच्या दाराला कुलूप होतं, कारण त्या दारातून कॉप्या पुरवतात. किल्ली कार्यालयात आणि कार्यालय आगीच्या दुसऱ्या बाजूला. तालीम यशस्वी झाल्याचं अभिनंदनपत्र दुपारी निघालं.

ठराव क्रमांक तीन: निरुपयोगी वस्तूंचं निर्लेखन करावं. इथे मी दिल्ली विद्यापीठाची हकीकत वाचून दाखवली. तिथल्या रसायनशास्त्र विभागात गॅमा किरणांचं एक उपकरण १९८५ पासून नुसतं पडून होतं. फेब्रुवारी २०१० मध्ये ते भंगार म्हणून लिलावात विकलं. आत कोबाल्ट-६० होतं. मायापुरीच्या भंगार बाजारात कामगारांनी ते फोडलं. त्यांना किरणोत्सर्गानं आजार जडले आणि एप्रिलमध्ये त्यांच्यातला एकजण दगावला. वस्तू किती वर्षं पडून आहे आणि किलोला काय भाव येईल, हे विचारण्याची आपल्याकडे पद्धत आहे. आत काय आहे, हे विचारण्यासाठी डेड स्टॉक रजिस्टरात रकाना नसतो. माझं वाचन संपल्यावर क्षणभर सगळे गप्प झाले. मग कुलसचिव म्हणाले, “आपल्याकडे कोबाल्ट नाही.” ठराव मंजूर.

मग निघाला खरा विषय: कामगारांचे कायदे आपल्याला मुळात लागू आहेत का? इतका वेळ पेंगणारी समिती खडबडून जागी झाली. १९७८ साली बेंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठानं ‘उद्योगा’ची व्याख्या एवढी ऐसपैस केली की शिक्षणसंस्थाही तीत मावल्या. १९८८ मध्ये गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात त्याच न्यायालयानं सांगितलं की, शाळा हा उद्योग असला तरी औद्योगिक विवाद कायद्यापुरता शिक्षक हा कामगार नव्हे. प्राध्यापकांना हे मनापासून पटलं. आपण काम करतो असा आरोप त्यांच्यावर पूर्वीही कोणी केला नव्हता.

आता २०२० ची व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्यविषयक संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. कामाची जागा धोक्यापासून मुक्त ठेवा, प्रत्येकाला नेमणूकपत्र द्या, ठरवून दिलेल्या कर्मचाऱ्यांची दरवर्षी मोफत आरोग्यतपासणी करा, असं ती मालकाला सांगते. तासिका तत्त्वावरचे सर समितीत असते, तर नेमणूकपत्राचा उल्लेख होताच त्यांनी मान वर केली असती. पण कुलसचिवांनी पळवाट हेरून ठेवली होती. नव्या संहितेनं धर्मादाय आणि सामाजिक सेवा करणाऱ्या संस्थांना ‘उद्योगा’च्या व्याख्येबाहेर ठेवलं आहे. सभागृहात समाधानाची लाट पसरली. प्रवेशाच्या वेळी आपण व्यवस्थापन, हातमोज्यांच्या वेळी आपण धर्मादाय! ही पळवाट न्यायालयात किती टिकेल, हे तिथेच ठरेल. समितीत मात्र ती एकमतानं टिकली.

“आणि सफाईवाले, वॉचमन?” मी विचारलं.

“ती एजन्सीची माणसं.”

गंमत अशी की आमच्याकडे परक्याला परकं म्हणायची पद्धत नाही. सगळे मामा, सगळ्या मावश्या. दिवाळीला मावशींना साडी, मामांना मिठाई. पण मामा स्टुलावरून पडले, तर ते थेट कार्यालयीन कर्मचारी होऊन ‘स्वतःच्या निष्काळजीपणामुळे’ पडतात आणि मावशी घेरी येऊन कोसळल्या, तर त्या एजन्सीच्या. नातं जमिनीवर उभं असेपर्यंतच.

प्राचार्य आणि संस्थाचालक मंडळी हे सदर वाचत असतील, तर आता थोडं थट्टा सोडून. सुरक्षेच्या शास्त्रात उपायांची एक उतरंड आहे. आधी धोकाच काढून टाका. ते जमत नसेल तर कमी धोक्याची वस्तू वापरा. मग पंखा, आरसीसीबी, कठडा अशी यंत्रणा बसवा. मग कामाची रीत बदला आणि शिकवा. हातमोजे आणि चष्मे सगळ्यात शेवटी. आपल्या उतरंडीतली ही पाचही मडकी रिकामी आहेत आणि वर झाकण म्हणून ‘सांभाळून’ ठेवलं आहे. ज्याच्या हातात ना बजेट, ना किल्ली, ना समितीतली खुर्ची, त्याच्यावरच त्याच्या जिवाची जबाबदारी टाकून आपण मोकळे होतो.

फार काही मागत नाही. फ्यूम हूडमधली जर्नलं बाहेर काढा आणि पंखा सुरू करा. मावशींना कोणत्या दोन बाटल्या एकत्र करायच्या नाहीत ते पाच मिनिटं त्यांच्याशी बोलून सांगा. रसायनशास्त्राचा विभाग शंभर पावलांवर आहे. संकटकालीन दाराचं कुलूप काढा आणि कॉप्यांचा बंदोबस्त दुसऱ्या मार्गानं करा. समितीत एक परिचर, एक सफाई कामगार आणि एक वॉचमन घ्या. त्या दिवशीचा चहा त्यांना दुसऱ्या कुणी आणून द्यावा. आणि एक दोनशे पानी वही घाला. कोण घसरलं, कुणाला झटका बसला, कुणाच्या डोळ्यात थेंब उडाला हे तीत लिहा. थोडक्यात बचावलेल्यांचंही लिहा, कारण पुढचा अपघात कुठे होणार हे त्या नोंदींतूनच कळतं. वॉचमनच्या पगारातून कर्मचारी राज्य विम्याचा पाऊण टक्का कापला जात असेल, तर त्याचं कार्ड निघालं आहे का, हेही एकदा विचारा. कापलेले पैसे भरले गेले नाहीत, हे दवाखान्याच्या खिडकीवर कळण्यापेक्षा बरं.

यंदाच्या अहवालात ‘एकही गंभीर अपघात नाही’ असं आहे. ते वाक्य मीच लिहिलं आहे आणि त्यात ऱ्हस्व-दीर्घाची चूक नाही. श्रेय समितीला दिलं आहे. खरं तर ते मामांच्या तोलाचं.

आणि एजन्सीच्या भरवशावर निर्धास्त बसलेल्यांसाठी एक शेवटची गोष्ट. आपल्या नेहमीच्या कामासाठी कंत्राटदारामार्फत लावलेला माणूस कामावर जखमी झाला, तर भरपाई मूळ मालकाकडून मागता येते. ही तरतूद १९२३ च्या भरपाई कायद्यात होती आणि आता सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. म्हणजे नोटीस एजन्सीच्याच नव्हे, तुमच्या टेबलावरही येऊ शकते. तेव्हा सर, आता सांभाळून राहायची पाळी तुमची.