कधी मिळालंच नव्हतं

इटलीच्या नागरिकत्वाच्या कायद्यात २०२५ साली एक वाक्य आलं. परदेशात जन्मलेल्या आणि दुसऱ्या देशाचंही नागरिकत्व असलेल्या माणसाला इटलीचं नागरिकत्व कधी मिळालंच नव्हतं असं मानायचं, काही अपवाद सोडून. यापुढे मिळणार नाही, असं म्हटलेलं नाही. मिळालंच नव्हतं, असं म्हटलंय. १९८० साली जन्मलेल्यालाही तेच लागू. हे वाक्य मला अन्यायाचं वाटतं.

जुना नियम असा होता. १७ मार्च १८६१ला इटलीचं राज्य स्थापन झालं. त्यानंतर हयात असलेला तुमचा इटालियन पूर्वज, आजोबा असो की खापरपणजोबा, आपल्या मुलाच्या जन्माआधी परक्या देशाचा नागरिक झाला नसेल, तर धागा शाबूत. पिढ्यांना मर्यादा नाही. अर्जदार नागरिकत्व मागत नव्हता. ते जन्मापासून त्याचंच होतं, कचेरीने फक्त मान्य करायचं. त्या प्रक्रियेला इटालियनमध्ये 'मान्यता'च म्हणतात.

धागा सिद्ध करायचा तो कागदांनी. पणजोबांच्या गावच्या दप्तरातून त्यांचा जन्मदाखला काढायचा. मग त्यांचं लग्न, मुलाचा जन्म, त्याचं लग्न, असं करत स्वतःपर्यंत यायचं. पणजोबा ब्राझीलला गेलेले असतील, तर ते तिथले नागरिक झाले नव्हते असा तिथल्या सरकारचा दाखला. परदेशी कागद खरे असल्याचा शिक्का, म्हणजे अपोस्टिल, आणि सोबत इटालियन भाषांतर. इटलीतला जुझेप्पे ब्राझीलच्या दप्तरात जोझे झालेला असतो, त्याचाही खुलासा हवा.

आणि पूर्वज बाई असली तर? इटलीची राज्यघटना १ जानेवारी १९४८ला लागू झाली. त्याआधी आईचं नागरिकत्व मुलाला मिळत नसे. आई इटालियन, वडील परदेशी, दोन भावंडं. १९४७च्या डिसेंबरात जन्मलेला थोरला परका, १९४९ची धाकटी इटालियन. एकाच आईची! २००९ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने थोरल्याची बाजू मान्य केली, तरी कचेऱ्यांनी आपला नियम सोडला नाही. त्याच्या मुला-नातवंडांना वकील लावून न्यायालयाचीच पायरी चढावी लागली. आईच्या रक्ताला कोर्टाचा शिक्का लागतो आणि बापाच्या रक्ताला लागत नाही, याची लाज कोणत्याही सरकारला वाटायला हवी होती.

मुळात ही माणसं इटली सोडून का गेली? १८७६ ते १९१५ या चाळीस वर्षांत सुमारे १ कोटी ४० लाख लोकांनी इटली सोडली. उत्तरेत व्हेनेतोच्या शेतमजुराच्या ताटात दोन्ही वेळा मक्याची पोलेंता, आणि त्या निकस अन्नामुळे अंगावर पेलाग्रा हा रोग. दक्षिणेत जमीन जमीनदाराची. ब्राझीलला कॉफीच्या मळ्यांसाठी हात हवे होते, तेव्हा कुटुंबंच्या कुटुंबं जहाजात बसली. ब्राझीलमधल्या रिओ ग्रांदे दो सूलच्या डोंगरात त्यांची पतवंडं अजून तालियान बोलतात, व्हेनेतोच्या बोलीतून तिथे घडलेली भाषा. पोट भरायला गेलेल्या माणसाच्या पतवंडाला, तुला पासपोर्ट फक्त कामाधंद्यासाठी हवा, असं हिणवण्याचा अधिकार मी कोणालाही देणार नाही. पणजोबाही कामासाठीच गेला होता.

सरकारची बाजूही खोटी नाही. २०२५आधीच्या दहा वर्षांत परदेशातल्या इटालियन नागरिकांची संख्या ४६ लाखांवरून ६४ लाखांवर गेली. न्यायालयांत ६० हजारांहून अधिक दावे पडून होते. बेल्लुनोच्या डोंगरातल्या वाल दी झोल्दो या छोट्या गावात ब्राझीलहून इतके अर्ज आले की महापौरांनी निषेध म्हणून नगरपालिकेवर ब्राझीलचा झेंडा लावला. दोनचार कारकुनांच्या कचेरीने गावातल्यांचे जन्ममृत्यू नोंदवायचे की दीडशे वर्षांपूर्वीचे शोधायचे? मर्यादा घालायला हवी होती. पण मर्यादा पुढची घालायची असते. मुदत द्यायची, जाहीर करायचं, मग दार लावायचं. इथे २८ मार्च २०२५ला वटहुकूम निघाला आणि तोच मे महिन्यात कायदा झाला. २७ मार्चच्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांपर्यंत ज्यांचा अर्ज पोचला किंवा ज्यांना वकिलातीकडून भेटीची तारीख मिळाली, ते जुन्या नियमात. बाकीचे बाहेर. तारखेसाठी वर्षानुवर्षं ताटकळलेला माणूसही बाहेर, कारण त्याला तारीखच दिली गेली नव्हती. रांग सरकारची, उशीर सरकारचा आणि भुर्दंड त्याला.

नव्या नियमात आई-वडील किंवा आजी-आजोबांपैकी एकजण फक्त इटलीचाच नागरिक हवा, किंवा मरेपर्यंत तसा राहिलेला. किंवा मग आई-वडिलांपैकी एकाने मुलाच्या जन्माआधी नागरिक म्हणून दोन वर्षं इटलीत काढलेली हवीत. पहिल्या अटीतला 'फक्त' हा शब्द मला खुपतो. ब्राझील-अर्जेंटिनात जन्मलेला बाप किंवा आजोबा जन्मानेच तिथला नागरिक होतो, म्हणजे तो या अटीतून आपोआप गळाला. ज्या आजोबाने परक्या देशात पाय रोवले, शपथ घेतली, तिथल्या निवडणुकीत मत दिलं, त्याचा नातू गेला. जो पन्नास वर्षं राहूनही त्या देशाचा झाला नाही, त्याच्या नातवाला पासपोर्ट. मिसळला म्हणून शिक्षा!

आणि हाच देश स्वतःकडे आलेल्यांना सांगतो, मिसळा. उत्तर इटलीतल्या नोव्हेल्लारा या गावाच्या आसपासच्या गोठ्यांत पंजाबी शीख माणसं पार्मिजानो चीजसाठी दूध काढतात. त्यांनी नागरिकत्व मागायचं तर दहा वर्षांचं कायदेशीर वास्तव्य हवं, ठरावीक उत्पन्न हवं, इटालियन भाषेची बी-१ पातळीची परीक्षा हवी. इटालियन माणसाचा परदेशात वाढलेला नातू इटलीत येऊन राहिला तर त्याला नव्या कायद्याने दोनच वर्षं. दहाची पाच करावीत म्हणून जून २०२५मध्ये सार्वमत झालं. निम्म्याहून जास्त मतदारांनी येणं गरजेचं होतं, आले जेमतेम तीस टक्के. प्रश्न निकाली निघाला नाही, पडून राहिला. याच देशाने डिसेंबर २०२४मध्ये अर्जेंटिनाचे अध्यक्ष हावियेर मिलेई रोमला आले तेव्हा आजी-आजोबांच्या पुण्याईवर त्यांना नागरिकत्व देऊ केलं. त्यांना कोणत्या रांगेत उभं केलं होतं?

जुन्या दप्तरातल्या धाग्यावर परका पासपोर्ट का घेतात, हे गोव्यात समजावून सांगावं लागत नाही. १९ डिसेंबर १९६१पूर्वी तिथे जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना लिस्बनच्या दप्तरात जन्म नोंदवून पोर्तुगीज नागरिक होता येतं. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे इकडचा पासपोर्ट परत करावा लागतो, मताचा हक्क जातो. तरीही कितीतरी घरांनी हा सौदा केला आणि मुलं इंग्लंडमध्ये स्विंडनला कामाला गेली. त्यांना बेइमान म्हणणाऱ्यांनी एकदा त्यांच्या आईशी बोलावं. गावात भागत असतं तर मुलं गेली असती का?

नोव्हेल्लाराच्या त्या गोठ्यातल्या माणसाची मुलगी तिथल्याच दवाखान्यात जन्मते, तिथल्याच शाळेत जाते, इटालियनमध्ये भांडते. आई-वडील नागरिक झाले नाहीत, तर अठरा पूर्ण होईपर्यंत ती परकी. त्यानंतर अर्ज करायला एकच वर्ष, तेही जन्मापासून वास्तव्यात खंड नसेल तर. तिचा जन्म ज्या नगरपालिकेत नोंदलेला असतो, तिथूनच साओ पावलोतल्या कोणाच्या तरी पणजोबांचा दाखला निघतो. दप्तर तेच, फक्त पान वेगळं.