मागायला काय जातंय?

‘सिंगल ओनर, डॉक्टरने वापरलेली, फक्त रविवारी बाहेर काढलेली, एक ओरखडा दाखवा, फायनल ४५, टाइमपास करणाऱ्यांनी फोन करू नये.’ जुन्या स्पोर्ट्‌स कारची जाहिरात साधारण याच वळणाने जाते. तीत गाडीपेक्षा मालकाचीच माहिती जास्त. तो डॉक्टर आहे, रविवारी त्याला सुटी असते आणि उरलेल्या जगाला दुसरं काम नाही अशी त्याची समजूत आहे. गाडी कुठल्या राज्याच्या पासिंगची, ते फोटोवरून ओळखायला जावं तर नेमका नंबर प्लेटवर कुणीतरी अंगठा धरलेला.

हे ४५ लाख आले कुठून? तर त्याने दुसऱ्या जाहिरातीत ४७ वाचले होते. त्या ४७वाल्याने तिसऱ्याचे ४९ पाहिले होते. आणि ते ४९वालं रत्न गेल्या गणपतीपासून जाहिरातीतच बसून आहे, विसर्जनाचं नाव नाही. जी गाडी रास्त भावात निघाली ती आठवड्यात गेली, तिची जाहिरातही गेली आणि भावही गेला. मागे उरतात त्या न खपलेल्या गाड्या. नवा विकणारा बाजारभाव शिकायला जातो तो यांच्याकडे. नापासांच्या पेपरांवरून गाइड काढायचं, असा हा उद्योग.

अमेरिकेत ‘ब्रिंग अ ट्रेलर’सारख्या ऑनलाइन लिलावात शेवटची बोली चार लोकांना दिसते. आपल्याकडे मागितलेली किंमत चव्हाट्यावर आणि मिळालेली किंमत दोघांच्या पोटात. विकणारा मित्रांना दोन लाख वाढवून सांगतो, घेणारा दोन लाख कमी करून. खरा आकडा फार तर एजंटला ठाऊक, आणि तो तर मौनी बाबा.

उदाहरण म्हणून फोर्ड मस्टँग घ्या. २०१६ साली ती पहिल्यांदा अधिकृतपणे भारतात विकायला आली. पाच लिटरचं व्ही-८ इंजिन, उजव्या हाताचं स्टिअरिंग, दिल्लीत एक्स-शोरूम ६५ लाख. आता ती काढायला निघालेल्या मालकाचा हिशेब ऐका. ६५ लाख गाडीचे. वर रस्ता कर, विमा, पेंट वाचवायची फिल्म, सिरॅमिक कोटिंग. मूळचा सायलेन्सर मवाळ वाटला म्हणून बाहेरून मागवलेला एक्झॉस्ट. रिम. इंजिनाचं ‘स्टेज टू’ ट्यूनिंग. पसंतीचा नंबर. गेल्या वर्षीचे चार टायर. बेरीज ९० च्या आसपास जाते आणि मालक उदार होऊन म्हणतो, ‘मी तर निम्म्यात देतोय!’

लग्नात बँडवाल्यांवर उधळलेल्या नोटा नवऱ्यामुलाच्या पगारात धरण्यातला हा प्रकार. एक्झॉस्टचा आवाज तुम्ही चार वर्षं ऐकलात, लोणावळ्याला जाताना बोगद्यात खिडक्या खाली करून ऐकलात, मागच्या सीटवरच्या मेहुण्याला (स्पोर्ट्‌स कारच्या मागच्या सीटवर माणूस मावत नाही, पण मेहुण्याला बसवतात) जबरदस्तीने ऐकवलात. त्याचे पैसे त्याच दिवशी फिटले. ते पुढच्या मालकाकडून पुन्हा कसे मागणार? शिवाय तो शहाणा असेल तर मूळचा सायलेन्सर आधी मागेल. कारण मोटार वाहन कायद्यानुसार असले मनमानी बदल चालत नाहीत आणि चौकातला हवालदार व्ही-८ चा रसिक असेलच असं नाही. मूळ भाग खोक्यात जपून ठेवले असतील तर त्यांनी भाव चढतो. बदललेल्या भागांनी बहुधा उतरतो. ऐकायला हे उलटं वाटतं, पण अनोळखी माणसाने इंजिनात केलेल्या ट्यूनिंगला खरेदीदार ‘सुधारणा’ म्हणत नाही, ‘भानगड’ म्हणतो.

नंबरचंही तेच. ‘०००१’ साठी मुंबई-पुण्यासारख्या शहरांत सरकारी शुल्कच २०२४ पासून सहा लाख. भरले असतील. पण येणाऱ्याच्या ज्योतिषाने त्याला सात सांगितला असेल तर तुमच्या एकाचं त्याने काय करायचं?

मग मालक विम्याची पॉलिसी पुढे करतो. ‘आयडीव्हीच बघा ना, ४२ आहे!’ आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर विमा कंपनी ज्या रकमेचा हिशेब धरते ती. त्याचा तक्ता ठरलेला आहे: सहा महिन्यांत ५ टक्के घट, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०. पाच वर्षांनंतर मात्र कंपनी आणि मालक आपसात ठरवतात. म्हणजे आठ वर्षांच्या गाडीचा आयडीव्ही हा थोडा जास्त हप्ता भरून वाढवून घेतलेला मान आहे. गाडी चोरून न्यायला येणाऱ्याला तो जरूर दाखवावा. विकत घ्यायला येणाऱ्यावर त्याची छाप पडायचं कारण नाही.

आता जिथे खरोखर लाखांचा फरक पडतो तिथे या. एकाच सालच्या, एकाच रंगाच्या, तेवढ्याच चाललेल्या दोन गाड्या. एक एमएच-१२, दुसरी झारखंड किंवा पुद्दुचेरीच्या पासिंगची. दुसरीचा मालक रांचीला कधी गेला होता ते विचारू नये. गाडीही बहुधा गेलेली नसते, कागद तेवढे जाऊन आले. तिथे कर कमी म्हणून ही तीर्थयात्रा. महाराष्ट्रात महागड्या गाडीचा एकरकमी कर लाखांत जातो. त्याची कमाल मर्यादा वीस लाख होती, ती २०२५ मध्ये तीस लाख झाली. आणि दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवायची तर कायद्याने इथली नोंदणी घ्यावी लागते. म्हणजे परराज्याच्या पासिंगमध्ये मालकाने वाचवलेला कर हा खरेदीदाराच्या माथी मारायचा कर आहे. तो मागणीतून सरळ वजा व्हायला हवा. उलट एमएचवाल्याने भरलेला कर पंधरा वर्षांचा असतो आणि उरलेली वर्षं गाडीबरोबर पुढच्याला मिळतात. त्या उरलेल्या वर्षांचे पैसे मागणं अगदी रास्त. गंमत अशी की ज्याने इमानदारीत कर भरला तो हे मागायला विसरतो, आणि ज्याने वाचवला तो ‘तिथल्या आरटीओची एनओसी सहज मिळते, माझा माणूस आहे’ म्हणत पूर्ण भाव सांगतो. त्या माणसाला आधी एनओसी आणायला सांगावं. एनओसी येईतो गाडी आणखी एक वर्ष जुनी होते.

कागदाला हलकं समजण्यात मोठ्या गाडीवाले पटाईत. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला ज्या पोर्शखाली दोन तरुण जीव गेले, त्या कोटीच्या वरच्या गाडीची कायम नोंदणी १,७५८ रुपये शुल्क न भरल्यामुळे अडली होती. त्या बातमीतला हा आकडा डोक्यातून जात नाही.

‘सावकाश चालवलेली’ या दाव्याचीही हल्ली पंचाईत आहे. मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वेवर २०२४ पासून कॅमेऱ्यांचं जाळं बसलंय. थकलेली ई-चलनं खरेदीदारालाही बघता येतात. रविवारी फक्त देवदर्शनाला निघणाऱ्या गाडीची वेगमर्यादेची चलनं सलग सापडली की देव कुठला होता असा प्रश्न पडतो. ती भरून पावत्या फाइलला लावणं हे विकणाऱ्याचं काम, ‘तेवढं तुम्ही बघून घ्या’ हे नव्हे.

पोर्शवाल्यांची तर गाडीच चुगली करते. इंजिनाच्या संगणकात ते किती तास चाललं याची नोंद असते, आणि झेपेल त्यापेक्षा किती वेळा जास्त फिरवलं गेलं हेही टप्प्याटप्प्याने नोंदलेलं असतं. जाणकार मेकॅनिक यंत्र जोडून या नोंदींचा कागद काढतो. मग साधा भागाकार. मीटरवर १८,००० किलोमीटर आणि इंजिनाचे तास १,४००, म्हणजे सरासरी ताशी १३. ट्रॅफिक कितीही तुंबलं तरी दोन दरवाजांची पोर्श आयुष्यभर ताशी १३ ने हिंडली हे पटायला फार मोठं मन लागतं. एक तर ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये एसी लावून उभी असायची, नाहीतर मीटरला कुणीतरी मागे नेलंय. विकणाऱ्याने हा कागद स्वतःहून आधीच काढून जाहिरातीत लावला तर तो दोन लाख जास्त मागू शकतो आणि मी म्हणेन, द्या.

कमी चाललेली म्हणजे उत्तम, ही आणखी एक भाबडी समजूत. टायरच्या कडेला अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नव्यासारखी, रबर मात्र लाकूड झालेलं. अशा गाडीला चारही टायर हवेत, बॅटरी हवी, उभ्या-उभ्या सुकलेली सील बघायला हवीत. आठ वर्षांत ६,००० किलोमीटर ही मालकाला तपश्चर्या वाटते. मेकॅनिकला ते आजारपण दिसतं. त्यापेक्षा दर महिन्याला नेमाने फिरवलेली, प्रत्येक सर्व्हिसचं बिल असलेली ३०,००० वाली गाडी मी बिनधास्त जास्त भावाने घ्यायला सांगीन.

आणि मुंबई, ठाणे, कोल्हापूर, सांगलीकडची गाडी असेल तर सीट बेल्ट. हलकेच नाही, शेवटपर्यंत ओढायचा. पुराचं पाणी आत शिरलं असेल तर गालिचा बदलतात, सीट धुतात, अत्तर मारतात. बेल्टच्या गुंडाळीतल्या शेवटच्या वितीकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही, आणि तिथे गाळाची तपकिरी रेघ तशीच बसलेली असते. जमिनीला पोट टेकून चालणाऱ्या या गाड्यांना बुडायला काही महापूर लागत नाही.

‘पण माझी गाडी खास आहे!’ असेल. खास म्हणजे काय ते सचिनच्या फेरारीने दाखवलं. २००२ साली त्याने ब्रॅडमनच्या २९ शतकांशी बरोबरी केली म्हणून फियाटने ३६० मोडेना भेट दिली, चावी दिली शूमाकरने, सीमाशुल्काची माफी वादात सापडली, प्रकरण कोर्टात गेलं, शेवटी शुल्क कंपनीने भरलं. पुढे २०११ मध्ये ती सुरतच्या एका व्यावसायिकाकडे गेली आणि सिनेमातही झळकली. असा इतिहास असेल तर हवं ते मागा. आपल्या आरसी बुकावर मालक म्हणून ज्याचं नाव आहे, त्याने गल्ली क्रिकेटमध्ये काय केलं याला बाजारात भाव नाही.

भाव आपल्या हातात नसतो याचा धडा सरकारही अधूनमधून देतं. २२ सप्टेंबर २०२५ ला मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी आणि उपकर मिळून जो ५० टक्क्यांपर्यंत जायचा, तो सरसकट ४० झाला. नवी गाडी एका रात्रीत उतरली की कालपर्यंत ‘रास्त’ असलेली जुनीची मागणी सकाळी हास्यास्पद ठरते. त्या दिवशी गाडीत काहीच बिघडलं नव्हतं. ब्रिटनशी २०२५ च्या जुलैत झालेल्या करारात तिथल्या ठरावीक संख्येच्या गाड्यांवरचं शंभर टक्क्यांच्या वरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने दहावर यायचं आहे. जुनी जॅग्वार दाबून ‘भाव चढू दे’ म्हणत बसलेल्यांनी हे जरूर वाचावं.

तर मागावं किती? दोन-तीन डीलरना फोन करा. ते जो आकडा सांगतील तो ऐकून संताप येईल. तो गिळा आणि कागदावर लिहा. मग तसल्याच गाडीला तेच डीलर ग्राहकाकडे किती मागतात ते बघा. समजा तुम्हाला ३० सांगितले आणि काचेमागच्या गाडीला ३६. मधल्या सहांत त्यांची डागडुजी, जागेचं भाडं, नफा आणि त्या नफ्यावरचा १८ टक्के जीएसटी आहे. तुमच्याकडे काचही नाही आणि वॉरंटीही नाही. तेव्हा तुमची रास्त जागा ३२-३३ च्या आसपास. त्यातून टायर, राहिलेली सर्व्हिस, परराज्याचं पासिंग वजा करा. सगळी बिलं, दुसरी चावी, इंजिनाच्या तासांचा कागद आणि कर्ज फिटल्याची बँकेची एनओसी असेल तर थोडं वर सरका. घासाघिशीला लाखभर ठेवा, कारण एक रुपयाही न सोडणाऱ्याकडून आपला माणूस फुकट मिळालं तरी घेत नाही. पण १२ लाख ठेवू नका. त्याला घासाघीस म्हणत नाहीत, त्याने फोनच येत नाही.

सगळ्या उचापतीचा कंटाळा असेल तर ‘पार्क अँड सेल’ आहेच: गाडी डीलरच्या दारात उभी करायची, विकली गेली की त्याने कमिशन कापायचं. फक्त तिथली किल्ली रविवारी कुणाच्या हातात असते हे विचारून ठेवा आणि मीटरचा फोटो काढून ठेवा.

एवढं करून आकडा ठरला, तरी एक अडचण राहते. गाडी घेतली तेव्हा घरी वेगळीच किंमत सांगितली असेल, तर विक्रीचेही दोन आकडे काढावे लागतील. त्यातला दुसरा काढून द्यायला या सदरात जागा नाही, आणि माझ्या घरीही हे सदर वाचतात.