हे किती टीएमसी, भाच्या?

लातूरहून मामांचा फोन आला, ‘‘शनवारी येतोय. समुद्र दाखव.’’

मुंबईकराकडे येणाऱ्या पाहुण्यांची कामं ठरलेली असतात. कुणाला डॉक्टरांचं दुसरं मत हवं असतं, कुणाची मंत्रालयात फाईल अडकलेली असते, कुणाला सिद्धिविनायक. सवड उरली तर एखाद्या नटाच्या बंगल्याचं फाटक. यादीत समुद्र असतोच, पण तो चौपाटीवर भेळ खाताना पाठीमागे असतो. मामांना तो समोर हवा होता. त्यात मामा पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले, अर्धी नोकरी जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर. पाण्याच्या बाबतीत त्यांना गुंडाळणं सोपं नाही.

मी सत्तावीस वर्षं हार्बर लाइनला राहतो. त्या अधिकारात ‘बंदर म्हणजे आपल्या घरचंच’ असं सांगून मोकळा झालो. फोन ठेवल्यावर आठवलं की मी लाँचमध्ये शेवटचा बसलो तो सातवीच्या सहलीत, आणि तेव्हाही बोट लागल्यामुळे बंदराचं दर्शन एका प्लास्टिकच्या पिशवीपुरतंच झालं होतं. मग रात्री दोन वाजेपर्यंत वाचन केलं. मुंबईकराला मुंबई कळते ती पाहुणे येण्याच्या आदल्या रात्री.

शनिवारी चेंबूरला गाडीत चढलो. मामांना खिडकी मिळाली. ‘‘देशातली पहिली विजेची गाडी याच मार्गावर धावली, मामा. ३ फेब्रुवारी १९२५, व्हीटी ते कुर्ला.’’ मामांनी मान डोलावली आणि बाहेर बघत बसले. वडाळा गेलं, शिवडी गेलं, कॉटन ग्रीन गेलं.

‘‘हार्बर लाइन म्हणलास न्हवं? मग हार्बर कधी येतं?’’

‘‘ते पलीकडे आहे.’’

‘‘शंभर वर्षं झाली म्हणतोस. शंभर वर्षांत पलीकडंच हाय?’’

डॉकयार्ड रोडला फलक वाचून ते थेट उतरलेच. स्टेशनाचं नाव डॉकयार्ड आहे म्हणजे तिथे डॉकयार्ड असणार, अशी त्यांची साधी सरकारी समजूत. मी त्यांना समजावलं की मुंबईत नाव आणि वस्तू यांचा संसार वेगळा असतो. चर्नी रोडला गुरं चरत नाहीत. मग टॅक्सी करून पी. डी’मेलो मार्गानं निघालो. डावीकडे भिंत होती. भिंतीपलीकडे समुद्र आहे, हे मी मामांना अक्षरशः शपथेवर सांगत होतो. मध्येच एखादी क्रेन मान वर काढून माझ्या बाजूनं साक्ष द्यायची.

या भिंतीचं मला कौतुक वाटतं. किल्ल्याचा जुना कोट शहर वाढायला आड येतो म्हणून १८६०च्या दशकात गव्हर्नर फ्रिअर यांनी पाडून टाकला. शहर मोकळं झालं म्हणेपर्यंत १८७३ साली पोर्ट ट्रस्ट आला. मग १८८०ला प्रिन्सेस डॉक, १८८८ला व्हिक्टोरिया, १९१४ला अलेक्झांड्रा. जमिनीकडचा कोट गेला आणि समुद्राकडचा उभा राहिला. पुढे १९८९ साली समोर न्हावा-शेवा सुरू झालं, बरीचशी जहाजं तिकडे गेली, भिंत मात्र कामावर राहिली. अधूनमधून वर्तमानपत्रात रंगीत चित्र येतं: पूर्व किनारा जनतेसाठी खुला होणार. चित्रात हिरवळ असते, फुगा घेतलेलं पोर असतं, धावणारी एक बाई असते. ती बाई मी अनेक वर्षं पाहतोय. अजून तिला घाम आलेला नाही.

गेटवेला पोचलो तेव्हा मी पाठांतर सुरू केलं. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी डिसेंबर १९११ मध्ये इथे उतरले, त्यांच्या स्वागताची ही कमान. त्याच वर्षी मार्चमध्ये पायाचा दगड बसला, जॉर्ज विटेट यांचा आराखडा, उद्घाटन ४ डिसेंबर १९२४.

मामा थबकले. ‘‘पाहुणा आला अकराला. कमान झाली चोवीसला.’’

‘‘हो.’’

‘‘तेरा वर्षं.’’ त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच मुंबईविषयी आपलेपणा उमटला. ‘‘मंजे आमच्याच खात्याचं काम दिसतंय.’’

इंग्रजांची शेवटची पलटण २८ फेब्रुवारी १९४८ला याच कमानीखालून गेली, हेही मी सांगितलं. ‘‘चला, मंजे वापरात तरी आली,’’ असं म्हणून मामांनी ते काम कागदोपत्री पूर्ण केलं.

घारापुरीची लाँच धक्क्याला चौथ्या रांगेत लागली होती. म्हणजे तीन परक्या लाँचमधून उड्या मारत आपल्या लाँचमध्ये जायचं. वरच्या मजल्यावर बसायचे वेगळे पैसे. ते लाँच सुटल्यावर मागतात, कारण तोवर खाली उतरून जायची सोय उरलेली नसते. प्रत्येकाला नारिंगी जॅकेट दिलं. १८ डिसेंबर २०२४ला याच वाटेवर नौदलाची वेगबोट प्रवासी बोटीवर आदळली आणि माणसं गेली. त्यानंतर जॅकेट सक्तीचं झालं. आमच्या लाँचवरची सक्ती पहिल्या सेल्फीपर्यंत टिकली. मग काहींनी ते बुडाखाली घेतलं, काहींनी पोराला टेकायला दिलं. मामांनी मात्र आपल्या गाठी नीट बांधल्या, माझ्या तपासल्या, आणि शेजारच्या कुटुंबाला उठवून त्यांच्याही बांधायला लावल्या. ‘‘कालव्यातनं माणसं काढलीत मी,’’ एवढंच बोलले. कुणी वाद घातला नाही.

लाँच वळली आणि गेटवे मागे सरकायला लागला. तेव्हा पहिल्यांदा त्यांच्यासमोर सगळं पाणी आलं.

ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मला वाटलं बोट लागली. मी पिशवी शोधू लागलो.

‘‘हे किती टीएमसी, भाच्या?’’

ज्यांना पाटबंधाऱ्याची भाषा येत नाही त्यांच्यासाठी: एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी. मराठवाड्यात या आकड्यावर निवडणुका होतात. मी आदल्या रात्री बरंच काही वाचलं होतं, पण समुद्राचा उपयुक्त साठा कुणी लिहून ठेवलेला नव्हता. मामांनी सरळ खलाशाला गाठलं. तो उरणकडचा. त्यानं खोली वावांत सांगितली, मामांनी ती मनातल्या मनात फुटांत केली, आणि मग दोघं भरती-ओहोटीवर आले.

‘‘दिवसातनं दोनदा भरती?’’

‘‘दोनदा.’’

‘‘रोज?’’

‘‘रोज.’’

‘‘रोज दोन आवर्तनं!’’ मामा माझ्याकडे वळले. ‘‘आन् सोडायचा आदेश कोण काढतं?’’

‘‘चंद्र, मामा.’’

‘‘वरच्या धरणवाल्यांनी अडवलं तर?’’

मी म्हटलं, चंद्राच्या वर नगर-नाशिक नाही. हे ऐकून मामा जे हसले ते डाव्या हाताचं नौदल संपेपर्यंत हसत होते. नौदलाकडे मी बोट दाखवलं नाही. तिथे फोटो काढायला बंदी आहे, हे सांगायला मात्र विसरलो नाही, कारण मुंबईत काय बघायचं यापेक्षा कशाचा फोटो काढायचा नाही याची माहिती मला जास्त आहे.

एवढ्यात पक्षी आले. कुरव. थंडीत मध्य आशियाकडून येतात, दिवाळी झाली की दिसायला लागतात आणि होळीच्या सुमारास परततात. लाँचवर गाठ्यांची पाकिटं विकायला येतात ती या पाहुण्यांसाठी. हिमालय ओलांडून आलेला पक्षी हवेतल्या हवेत तळलेला पदार्थ झेलतो, आणि आपण त्याला निसर्ग म्हणून टाळ्या वाजवतो. ‘‘मासे खात न्हाईत का हे?’’ मामांनी विचारलं. मी म्हटलं, खातात, पण मुंबईला आलं की सगळ्यांचंच पोट बिघडतं.

उजवीकडे-डावीकडे दाखवण्यासारखं पुष्कळ होतं आणि त्यातलं बहुतेक जवळून बघण्यासारखं नव्हतं. जवाहर द्वीप: तेलाचा धक्का, प्रवेश बंद. पलीकडे तुर्भ्याचा अणुसंशोधनाचा घुमट: प्रवेश बंद. आणि उत्तरेला क्षितिजावर रेघ ओढल्यासारखा अटल सेतू: २१.८ किलोमीटर, त्यातला सुमारे १६.५ किलोमीटर पाण्यावर, जानेवारी २०२४मध्ये खुला.

‘‘त्याच्यावरनं मस्त दिसत आसंल समुद्र,’’ मामा म्हणाले.

‘‘दिसतो. पण थांबायचं नाही. थांबलं तर दंड.’’

मामांनी यावर काही मत दिलं नाही. फक्त जॅकेटची गाठ पुन्हा चाचपली.

घारापुरीला बेटावरची छोटी आगगाडी, मग शंभराहून जास्त पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं, आणि थंड पेयाच्या बाटलीवर हक्क सांगणारी माकडं. या बेटाला पोर्तुगीजांनी एलेफंटा हे नाव दिलं ते इथल्या दगडी हत्तीमुळे. तो हत्ती १८६४ साली इंग्लंडला न्यायचा घाट घातला. उचलताना तो पडून फुटला, पुढे तुकडे जोडले आणि आता तो भायखळ्याला राणीच्या बागेत उभा आहे. म्हणजे नाव बेटावर आणि हत्ती भायखळ्याला. मामा म्हणाले, ‘‘चर्नी रोडसारखंच.’’ शिष्य तयार होत होता.

याच बेटावर समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज आली ती फेब्रुवारी २०१८मध्ये. १९८७पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेलं ठिकाण, समोर रात्रभर झगमगणारी मुंबई, आणि इथल्या तीन वाड्यांत जनरेटरचे मोजके तास. गावकरी इतकी वर्षं दिव्यांची मुंबई पाहत बसले असतील. निदान त्यांना ती दिसत तरी होती.

त्रिमूर्तीसमोर सगळे उभे राहतात तसे आम्हीही राहिलो. सुमारे सहाव्या शतकातलं काम, वीस फुटांच्या आसपास उंच, तिन्ही मुखं शांत. पण मामा रमले ते तिच्या शेजारच्या गंगाधर शिवापाशी. गंगा आकाशातून उतरते आहे, तिच्या वेगानं पृथ्वी फुटेल म्हणून शिव तिला जटेत झेलतो आणि मग हळूच सोडतो. मामांनी चष्मा पुसला.

‘‘भाच्या, हे बघ. वरनं प्रचंड आवक. मधी साठवण. खाली नियंत्रित विसर्ग. पाया खचला न्हाई, कालवा फुटला न्हाई.’’ त्यांनी हात जोडले. ‘‘आन् सुधारित प्रशासकीय मान्यता एकदा बी घेतली न्हाई.’’

शेजारी एक अधिकृत गाईड परदेशी पाहुण्यांना गुप्तोत्तर शिल्पशैली समजावत होता. त्यातले दोघं-तिघं हळूहळू मामांच्या बाजूला येऊन उभे राहिले. भाषा कळत नव्हती, पण हातवारे पाटबंधाऱ्याचे होते आणि समोर पाणीच कोरलेलं होतं. मामांनी त्यांना लेण्यातलं पाण्याचं टाकंही नेऊन दाखवलं. मी मागून त्यांच्या पिशव्या सांभाळत फिरलो. यजमान असण्याचं उरलेलं काम तेवढंच होतं.

परतताना ऊन उतरलं होतं. मामा खालच्या मजल्यावर खलाशाजवळ जाऊन बसले. मी वरून पाहिलं तर खलाशानं बादली दोरीनं सोडून पाणी काढलं होतं आणि मामा घारापुरीला जादा दरानं घेतलेली रिकामी बाटली त्यात बुडवत होते.

लातूरला मार्च २०१६मध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. पहिली गाडी आली तेव्हा मामा स्टेशनात उभे होते. ‘‘टँकर मोजले मी,’’ त्यांनी मला तेव्हा फोनवर सांगितलं होतं. रात्री लातूर एक्स्प्रेसमध्ये त्यांना बसवताना मी म्हटलं, ‘‘मामा, पुन्हा रेल्वेनं पाणी चाललं लातूरला.’’

‘‘एक लिटर,’’ ते म्हणाले आणि बाटली आडवी होऊ नये म्हणून दोन पिशव्यांच्या मध्ये उभी केली.

सोमवारी फोन आला. पाणी सुखरूप पोचलं होतं. मामीनं बोट बुडवून चव घेतली, खारट निघालं, तरीही बाटली देवघरात गंगेच्या गडूशेजारी ठेवली आहे. गल्लीतली पोरं बघायला येतायत. ‘‘आन् तुझं कौतुक सांगितलं सगळ्यांना,’’ मामा म्हणाले. ‘‘म्हणलं, भाचा तिथंच राहतो, समुद्राला खेटून. रोज बघतो.’’

मी हो म्हटलं. गाडी तेव्हा डॉकयार्ड रोडला उभी होती आणि मी खिडकीच्या उलट बाजूला होतो.