तांबोशीवरचा दावा

सिंधुदुर्गातल्या माणसाला वाडवडिलांकडून दोन गोष्टी हमखास मिळतात. एक, सामाईक घरातला न वाटलेला हिस्सा. दुसरी, त्या हिश्श्यापायी चाललेला दावा. मसुऱ्यात जन्माला आलं तर तिसरीही मिळते, फक्त तिची नोंद सातबाऱ्यावर होत नाही. ती म्हणजे तांबोशीशी असलेलं वैर.

तांबोशी मालवणच्या बाजारात मिळते. पैसे मोजले की मासेवाली खवलं काढून, तुकड्या करून पिशवीत घालून देते. हे आधीच सांगून टाकतो, कारण बाहेरचा माणूस पहिली शंका हीच काढतो. पण बाजारातली तांबोशी म्हणजे तडजोड. तडजोडच करायची असती तर आमच्या आजोबांनी बांधावरच्या फणसासाठी रत्नागिरीपर्यंत खेटे घातले नसते. तेव्हा जिल्हा रत्नागिरी होता. १९८१ साली आमचा सिंधुदुर्ग वेगळा झाला आणि फणसाचा दावा त्या वाटणीत सुखरूप आमच्याकडे आला.

तर तांबोशी गरवूनच आणायची असते. गरी, तंगूस, शिसं आणि आमिषाला जिवंत सुंगट, एवढंच साहित्य. पाग टाकून काढलेली चालत नाही. पागात आलेल्या माशाचा तुमच्याशी काही संबंध नसतो, तो कोणाच्याही पागात गेला असता. गरी गिळणाऱ्या माशाने मात्र तुमचं समन्स सही करून घेतलेलं असतं. आमचे काका आजन्म हे समन्स बजावत आले आहेत. त्यांच्या गरीला मानेशी तांब्याच्या तारेचे वेढे असतात. ते मजबुतीसाठी आहेत असं ते सांगतात, पण खरं कारण वेगळं आहे. उद्या कोणी हक्क सांगितला तर आपली गरी ओळखू यावी, ही ती तजवीज.

दाव्यात जागेचं वर्णन चतुःसीमेसह द्यावं लागतं, म्हणून देतो. सह्याद्रीतून निघालेली गड नदी कणकवलीवरून मसुऱ्याला पोचेपर्यंत खारी होते आणि पुढे कालावलची खाडी म्हणून समुद्राला मिळते. दक्षिणेस भरतगड. उत्तरेस पाण्यापलीकडे भगवंतगड. पश्चिमेस खोत जुवा आणि मसुरकर जुवा ही बेटं. पूर्वेस काकांची माडाची बाग, जिच्या हद्दीबद्दल वेगळं प्रकरण चालू आहे.

भरतगड सावंतवाडीच्या फोंड सावंतांचा आणि भगवंतगड बावड्याच्या पंत अमात्यांचा. नदीच्या दोन काठांवर बसून दोघांनी एकमेकांवर डोळा ठेवला आणि १८१८ साली इंग्रजांनी दोन्ही गड घेतले. शिवाजी महाराज भरतगडाची टेकडी पाहून गेले होते, पण वर पाणी नाही म्हणून त्यांनी गडाचा बेत सोडला, असं सांगतात. पुढे फोंड सावंतांनी खडक फोडत फोडत विहीर खाली नेली, पाणी लागलं आणि १७०१ साली गड उभा राहिला. आमच्या घरात या प्रसंगावरून दोन पक्ष आहेत. हाताला काही लागत नसेल तिथून माणसाने उठावं, हा काकीचा पक्ष. काका फोंड सावंतांचे.

गडाखालच्या काठाला कांदळवन आहे आणि जांभ्या दगडाचा एक जुना बांध ढासळून पाण्यात गेलेला आहे. त्या दगडांच्या कपारीत प्रतिवादी राहते. दिवसा सहसा बाहेर पडत नाही. तिन्हीसांजेला पाणी हलू लागलं की ती कपारीच्या तोंडाशी येऊन उभी राहते. समोरून जाणारं सुंगट एका झडपेत उचलते आणि त्याच झोकात मागे वळून घरात शिरते. गरवणाऱ्याच्या वाट्याला येतो तो एवढाच वेळ. तेवढ्यात तिला ओढून उघड्या पाण्यात आणलं तर आणलं. एकदा ती आत गेली की दगडावरच्या कालवांच्या धारेला तंगूस घासतो, हाताला ‘टक्’ असं काहीतरी जाणवतं आणि माणूस तोल जाऊन मागे बसतो. काका अशा वेळी ‘आवशीचो घोव!’ एवढंच म्हणतात, पण ते पलीकडे भगवंतगडावर ऐकू जातं.

या प्रकरणातला सर्वांत जुना कागद १७७५ सालचा आहे. पीटर फोर्सकोल नावाचा लिनीअसचा शिष्य डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात पाठवलेल्या मोहिमेबरोबर गेला. तांबड्या समुद्राच्या काठी त्याने माशांची टिपणं केली, त्यांत आमची तांबोशीही आली, आणि १७६३ साली येमेनमध्ये तो हिवतापाने गेला. मोहिमेतले सगळे एकेक करून गेले. कार्स्टन नीबूर तेवढा वाचला, मुंबईला येऊन राहिला आणि पुढे घरी परतल्यावर त्याने मित्राची टिपणं छापली. हे मी काकांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘त्येका गरीक लागलली काय पागात?’ मला उत्तर देता आलं नाही. फोर्सकोलचा कागद पुराव्यातून बाद झाला.

त्याहून जुना एक ग्रंथ आहे, पण त्यात तांबोशीचं नाव काढून दाखवायला कोणी पंडित लागेल. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला. त्यात राजाने करायच्या करमणुकींमध्ये ‘मत्स्यविनोद’ असं एक सबंध प्रकरण आहे. कोणत्या माशाला कोणतं आमिष, दोरी कशी, काठी कशी, सगळं बैजवार दिलेलं आहे. राजाने गळ टाकून पाण्याकडे बघत बसणं हा राजधर्माचा भाग आहे, हे वाचून मला फार बरं वाटलं. काकीला ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘त्येच्या घरात पानी भरूक मानसा होती.’

तारखेचं काम काका स्वतः बघतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हे कोकणातलं जुनं गणित. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यात समुद्राचं पाणी मसुऱ्यापर्यंत चढायला लागणारा वेळ काका अंदाजाने मिळवतात. या गणितामुळे त्यांना घराण्यातल्या सगळ्यांच्या पुण्यतिथी तोंडपाठ आहेत. आजोबांची दशमी, म्हणजे साडेसात. थोरल्या आत्याची चतुर्थी, म्हणजे तीन. गुरुजींना वाटतं या घरात पितरांवर फार भक्ती आहे. एकदा श्राद्धाच्या पानावरून काका तोंडात घास असतानाच उठले. गुरुजी दचकले. पाणी फिरलं होतं.

उधाणाला पाणी जोरात असतं, शिसं जागेवर ठरत नाही. भांगाला पाणी मेलेलं असतं, तांबोशी बाहेर येत नाही. या दोहोंच्या मधले दिवस चांगले, पण नेमके त्या दिवसांत कोणाचं तरी लग्न निघतं, नाहीतर पाऊस येऊन नदी गढूळ होते, नाहीतर वाळूच्या उपशाने डोह जागचा हललेला असतो. म्हणून पुढची तारीख. ज्या आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा महाराष्ट्राला ठाऊक आहे, ती वाडी आमच्या मसुऱ्यातलीच. त्या जत्रेची तिथी पंचांगात ठरलेली नसते. आधी गावकऱ्यांची शिकार होते, मग देवीचा कौल होतो आणि मग तारीख जाहीर होते. देवीकडे शिकार झाल्यावर तारीख पडते. आमच्याकडे तारीख पडते, शिकार होत नाही, म्हणून पुन्हा तारीख पडते.

देवाला कानावर घालून ठेवण्यात मात्र आम्ही कमी पडलेलो नाही. काठावरच्या राखणदाराला विडी ठेवून काका हळू आवाजात गाऱ्हाणं घालतात. त्यात तांबोशीची बुद्धी फिरव, पाण्यातल्या शेंगाळ्याला दूर ठेव, पलीकडच्या काठावर बसलेल्याच्या गरीला कुर्ली लागू दे, अशी कलमवार मागणी असते. मी मागे उभा राहून ‘होय म्हाराजा’ म्हणतो. शेंगाळा हा या खटल्यातला न बोलावलेला साक्षीदार. तो कधीही येतो, सुंगट खातो, काटा मारतो आणि हात सुजवून जातो.

आता खऱ्या अडचणीकडे येतो. मसुऱ्यात तांबोशी दिसली असं सांगणारे ढीगभर आहेत, पण साक्षीदार नाहीत. कोणीही काठावरून परत येऊन ‘हाताएवढी होती रे, दगडाकडे नेऊन तोडल्यान’ म्हणाला की दुकानाच्या बाकड्यावरून एकच प्रश्न येतो: ‘कोनी बघला?’ या प्रश्नाने आमच्या गावातले उत्तमोत्तम मासे मारले आहेत. म्हणून गरवणारे एकटे जाईनासे झाले. साक्षीला कोणाला तरी नेतात. पण दोघं गेले की बोलणं निघतं, बोलण्यात बांधाचा विषय निघतो, आवाज चढतो आणि तांबोशी कपारीतच बसते. एका जोडीत तर साक्षीदाराने नंतर सरळ उलटी साक्ष दिली. म्हणे मासा होता, पण तो पालू होता आणि वीतभर होता.

विज्ञानाची बाजू मांडायला मी पुस्तकं चाळली आणि प्रकरण आणखी गुंतलं. तांबोशीचं लहानपण खाडीत, कांदळाच्या मुळांत जातं. काही वर्षांनी वयात आली की ती खाडी सोडते आणि खोल समुद्रातल्या खडकांकडे जाते. अंडी घालणं तिकडेच. म्हणजे आम्ही काठावर बसून ज्यांच्यावर दावे लावतो त्या सगळ्या अल्पवयीन. आणि सज्ञान होऊन त्या कोर्टात हजर राहण्याजोग्या होतात तेव्हा हद्दीबाहेर गेलेल्या असतात. हा मुद्दा मी काकांपुढे ठेवला. काका म्हणाले, ‘आमची खय जावची नाय. हिचो आमच्यावर राग आसा.’ काकांच्या तरुणपणी तंगूस तोडून गेली तीच ही, असं त्यांचं ठाम म्हणणं आहे. मी हसणार होतो, पण हा मासा कित्येक दशकं जगू शकतो असंही त्याच पुस्तकात होतं. पुस्तक मिटून ठेवलं.

अलीकडे मुंबईचे आणि गोव्याचे हौशी लोक येतात. गाडीच्या टपावर काठ्या, काठीला रीळ, डोळ्यांवर काळे चष्मे, पेटीत रबराचे रंगीत मासे. त्यांच्यातले काही जण मासा पकडतात, फोटो काढतात आणि परत पाण्यात सोडतात. काकांनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. निकाल आपल्या बाजूने लागल्यावर दावा मागे घेणारा माणूस त्यांनी उभ्या जन्मात बघितला नव्हता.

आणि मग गेल्या मे महिन्यात डोंबिवलीहून आलेल्या आमच्या भाच्याने तांबोशी काढली. भाचा अकरावीतला. त्याला तिथी माहीत नाही, भांग माहीत नाही, राखणदाराला विडी ठेवलेली नाही. कानात गाणं लावून रबराचा मासा ढासळलेल्या बांधाशी टाकला आणि दुसऱ्याच फेकीला काठी वाकली. सगळी वाडी काठावर जमली. मासा खरोखर मोठा होता, अंगावर तांब्याची झाक, जबड्यात पुढे आलेले सुळे. इतके साक्षीदार मसुऱ्याच्या इतिहासात कोणत्याही माशाला मिळाले नसतील.

काकांना बोलावणं गेलं. ते चष्मा लावून आले, गर्दी बाजूला झाली आणि पंचनामा सुरू झाला. वितीने लांबी घेतली. डोळा बघितला. कल्ला उचलला. मग दोन्ही ओठ उलटे करून, आत बोट न घालता, बाहेरूनच नीट तपासले.

‘माझी गरी खय आसा हिच्या तोंडात?’

कोणाकडे उत्तर नव्हतं.

‘मगे? ही ती न्हय.’ काका उठले. ‘पोरान तांबोशी काढल्यान, बरा झाला, जेवक बरी. पन ही ती न्हय.’

वाडीने थोडी कुजबुज केली आणि निकाल मान्य केला. मला वाटतं सगळ्यांना सुटल्यासारखंच झालं. अकरावीतल्या पोराने इअरफोन लावून ती काढली असती तर बाकड्यावर पुढे बोलायचं काय, हा प्रश्न प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होता.

मासा मागीलदारी गेला. काकी आडाळ्यावर बसली आणि मी पाणी घालायला उभा राहिलो. खवलं निघाली, पोट फाडलं, मग तिने डोकं वेगळं करून घशात बोटं घातली आणि थबकली. घशाच्या खाली, मांसात रुतून, काहीतरी होतं. तिने ते उपसून पाण्याखाली धरलं. गंजून काळी पडलेली गरी. मानेशी तारेचे वेढे, हिरवे झालेले.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. ही गरी काकांच्या तरुणपणची नसणार, हे मलाही कळत होतं. खाऱ्या पाण्यात लोखंड टिकतं किती? गेल्या पावसाळ्यानंतरची असेल. पण कोर्टापुढे गरी ती गरी.

काकीने ती खवलांबरोबर माडाच्या बुंध्यात टाकली आणि वर राख लोटली. ‘गप ऱ्हव,’ ती म्हणाली. ‘दावो मिटलो तर ह्यो मानूस दिवसभर घरात बसतलो.’

दुपारी डोक्याचं सार झालं. डोकं अर्थातच काकांच्या पानात पडलं. ते त्यांनी गालफडापासून डोळ्यापर्यंत निगुतीने खाल्लं, चव जरा कमी आहे म्हणाले, ती असती तर वेगळी लागली असती. मग हात धुता धुता त्यांनी आवस कधी म्हणून विचारलं.

मसुऱ्याला इतक्या वर्षांत मिळालेला हा एकमेव प्रत्यक्ष साक्षीदार, म्हणजे मी, असा गप्प बसलेला आहे. इथे लिहायला हरकत नाही. काका पंचांगाखेरीज काही वाचत नाहीत.